उलटा आस

माझं सासर आणि माहेर दोन्ही समुद्रपूर तालुक्यातलं, मधे अंतर चार कोसांचं. उन्हाळ्यात बंडी जुंपली की सकाळचा चहा सासरी आणि दुपारचं जेवण माहेरी. पावसाळा लागला की तेच चार कोस परदेशाएवढे होत. काळ्या मातीचा चिखल, आमच्याकडे त्याला गारा म्हणतात, तो ज्याने तुडवलेला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. चप्पल तर तो घेतोच, वर प्रत्येक पायाला शेरभर माती बांधून देतो. बंडीचं चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. दोन्ही बाजूंना कुंपण असलेल्या शेतवाटेला आम्ही पांदण म्हणतो. त्या पांदणीत गुडघाभर चाकोऱ्या पडायच्या आणि त्यांच्यामधे राहिलेला उंचवटा कुठल्याही मोटारीचं पोट धरून ठेवायचा. जीप म्हणू नका, ट्रॅक्टर म्हणू नका, सगळे तिथे हात टेकून गेलेले. बैलांचं विचाराल तर बैल डवरणीला, पिकातलं तण काढायला. सुनेच्या माहेरपणासाठी डवरणीचे बैल सोडणारं सासर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आमच्याकडची रीत अशी, की पहिल्या आखाडात नवी नवरी सासरी राहत नाही, माहेरी जाते. माझा पहिला आखाड सासरीच गेला. पाऊस उघडला नाही आणि बैल सुटले नाहीत. आईने माझ्यासाठी गुळाचे गुलगुले तळून डबा भरून ठेवला होता. पोळा झाल्यावर माझा भाऊ तो डबा घेऊन पायी आला, तेव्हा गुलगुल्यांचे दगड झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "फेकून दे वं, दात पडतीन." मी एकेक चहात बुडवून सगळे खाल्ले. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

भावाने त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. आईला वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे ती थेंब टाकून जितके दिवस टिकेल तितके दिवस. आजूबाजूचं तिला दिसेनासं झालं होतं, सरळ समोर असेल तेवढं दिसत होतं.

आमचे हे तेव्हा गोठ्यात होते. मी तिथेच जाऊन सांगितलं, "मले पावसाळ्यात माहेरी जायचं हाये. दर पावसाळ्यात. मायले मी दिसून राह्यली तोवर."

त्यांनी वैरण टाकून हात झटकले. "गाडी बनवतो."

"कोनती गाडी?"

"गाऱ्यात चालनारी."

"कशाची?"

"जे भेटन त्याची."

ह्यांनी सहा वर्षं हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटरकी केली होती. सासरे गेले म्हणून शेती पाहायला परत आले, पण मन सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या पट्ट्यांतच अडकलेलं. बोलणं कमी, आणि बोल्ट आवळताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून एवढं लांब संभाषण मी पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे गाडी होणार याबद्दल मला शंका उरली नाही.

भाग गोळा व्हायला दोन हिवाळे गेले. सांगाडा आला तो लष्कराच्या लिलावातून हातोहात फिरत एका भंगारवाल्याकडे पोचलेल्या छोट्या ट्रकचा. इंजिन जीपचं, पण ती जीप कुणी पाहिलेली नव्हती. शेजारच्या गावात ते इंजिन पिठाची गिरणी चालवत होतं, आणि आमच्याकडे आल्यावरही सुरू केलं की पहिली दहा मिनिटं त्याला गरम पिठाचा वास यायचा. रेडिएटर एका टेम्पोचा, स्टिअरिंग दुसऱ्याचं. टायर दातेरी आणि इतके उंच, की सासूबाई एक अख्खी दुपार त्यांच्या सावलीत तांदूळ निवडत बसल्या. बसायला आर्वीहून एसटीच्या भंगारातलं हिरव्या रेक्झिनचं बाकडं आणलं, त्याच्या पाठीवर कुणीतरी खिळ्याने बदाम आणि बाण कोरलेला. ते बाकडं आज माझ्या ओसरीवर आहे आणि त्यावर बसूनच हे लिहिते आहे. गाडी गेली, ती बनवणारेही गेले, बाकडं तेवढं राहिलं.

मागचा आस आला हिंगणघाटच्या पुढे, हैदराबादच्या रस्त्यावर उलटून पडलेल्या एका ट्रकचा. उलटलेल्या गाडीचा आस आपण घरात घेतोय, हे तेव्हाच कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं.

अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन टांगलेलं असायचं आणि खाली अंगणभर लोखंड. बेअरिंगं आणि दातेरी चाकं रॉकेलमध्ये धुवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी एक मोठं पसरट भांडं हवं होतं, म्हणून मी घरातली पितळी परात काढली. सासूबाईंनी पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. "या परातीत आता कनिक मयशीन काय?" मी म्हटलं, "नाई, हिच्यात आता माहेर धुवून राह्यली." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी धुतलेली बेअरिंगं पुसायला स्वतःच फडकं घेऊन येऊन बसल्या. त्यांचंही माहेर होतं, वणा नदीच्या पलीकडे, आणि तिथे आता ओळखणारं कुणी राहिलेलं नव्हतं. हे त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं, मान वर न करता.

कामात हात असला तरी जीव तिकडेच होता. हे मी आज लपवत नाही. सासरी मला त्रास होता म्हणून नव्हे. आईला मी दिसायला हवी होते एवढंच. एक चाक धुऊन झालं की मी मनात दिवस मोजायची. तिची नजर आधी संपते की आमची गाडी आधी होते, अशी ती शर्यत होती.

दुसऱ्या वर्षीचा मृग तोंडावर आला तेव्हा सगळं जुळत आलं होतं, फक्त मागचा आस चढवायचा राहिला होता. त्यासाठी हिंगणघाटहून वेल्डर आणला होता, आणि वाट बंद व्हायच्या आत त्याला परत पोचवायचं होतं. गाडीची लाकडी बाजू करायला गावचे सुतार आले होते. बंड्या करण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. ह्यांनी आस जमिनीवर ठेवून त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, इंजिनाकडून येनारा दांडा ज्या तोंडात घुसते, ते तोंड लय खाली हाये. पांदनीतल्या उंचवट्याले पह्यले तेच लागन."

मिस्त्री म्हणाले, "मंग उलटा करा ना. तोंड वर जाईन."

"उलटा चालन काय?"

"भाऊ, आसाले कुठचं आलं उलटं-सुलटं? चायीस वर्सं झाली बंड्या करून राह्यलो."

ह्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. जिनिंगमधल्या डोक्याला काहीतरी टोचत होतं हे दिसत होतं. अजून एक दिवस दिला असता तर त्यांना ते सापडलं असतं. पण ढग भरून आले होते, वेल्डर घाई करत होता, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "करा ना उलटा. कितीक पाह्यसान त्याच्याकडे?"

तेव्हा चूक मिस्त्रींची नाही आणि ह्यांचीही नाही. तिच्यात माझा वाटा मोठा आहे.

आस उलटा करून चढवला, वेल्डिंग झालं. ऑइल भरायचं बूच खाली आलं आणि ऑइल सोडायचं वर गेलं. ह्यांनी दोघांची कामं आपसात बदलली आणि पुढे चालू लागले. दांडा मात्र खरंच चार बोटं वर गेला. मिस्त्री त्याखालून हात फिरवून खूश झाले.

आखाड लागला आणि पाचव्या दिवशी गाडी सुरू करायची ठरली. नारळ फोडला. अर्धं गाव अंगणात. इंजिन सुरू झालं, पिठाचा वास सुटला, ह्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी मोठ्या ऐटीत मागे गेली. मागे आमच्या न्हाणीचा कूड होता, तो पडला. सुदैवाने आत कुणी नव्हतं. ह्यांना वाटलं हाताने चुकून रिव्हर्स पडला. पुन्हा नीट पाहून दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी जोरात मागे. तिसऱ्यात तर ती गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली. शेवटी त्यांनी रिव्हर्स टाकला, आणि गाडी रडत-रडत, मुंगीच्या पावलांनी पुढे आली.

 मग कुणीतरी ओरडलं, "बापा, तीन गेर मांगं अन् एक पुढं!" त्यानंतर जे हसणं झालं ते मला अजून ऐकू येतं. मिस्त्री गाडीखाली वाकून आले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "मी बंडीचं सांगतलं होतं, भाऊ. बंडीत आस फिरत नाई, चाकं फिरते. याच्यात आसच आतून फिरते, उलटा केला की चाकंबी उलटी, मले काय ठाव." आणि थोडं थांबून, "बैल उलटे जुपता येत नाई काय?"

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि ओट्यावर जाऊन बसले. आस पुन्हा सुलटा करायचा तर सगळं वेल्डिंग तोडावं लागणार, आणि वेल्डर हिंगणघाटला, वाट बंद. म्हणजे दिवाळीपर्यंत काही नाही. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही. त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला त्यांची कीव यायला हवी होती. पण आधी आला तो रागच, आणि तो या वेळी बरोबर माणसावर होता, माझ्यावर.

"एक गेर पुढं जाते ना?" मी विचारलं.

"जाते. पायी मानूस पुढं निंगन तिच्या."

"मंग चला."

सासूबाईंनी शिदोरी बांधली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चार कोस, सगळे एकाच रिव्हर्स गिअरमध्ये, तोंड पुढे करून. त्या गिअरचा आवाज म्हणजे कुणीतरी हेल काढून रडत चाललंय असा. शेतात डवरणी करणारे बैल थांबवून पाहत उभे राहायचे. रेडिएटर तीनदा उकळला, तीनदा आम्ही खड्ड्यातलं पाणी गाळून ओतलं. पण पांदण आली, गुडघाभर चाकोऱ्या आल्या, आणि गाडीचं पोट टेकलं नाही. उंचवटा खालून सरकत गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण जीभ पुन्हा ओठांच्या कोपऱ्यात आली होती, आणि मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं की या माणसाबरोबर माझं बरं जमेल.

माहेरच्या गावाआधी नाला आहे. चाकं अर्धी बुडाली, पण आम्ही निघालो. नाल्यापासून घरापर्यंत अर्धा मैल सरळ पांदण, थेट आईच्या दारात संपणारी. तो रडका आवाज ऐकून आई बाहेर आली होती. "कोन हाये?" ती विचारत होती. मी उडी मारून चिखलातून धावले. तिने मान इकडून तिकडे हलवून मला शोधलं, मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून आपल्या डोळ्यांसमोर सरळ आणला.

"हं, आता दिसली," ती म्हणाली. "वायली काऊन वं इतकी? हाडं लागून राह्यली."

चार दिवस राहिले. गुलगुले गरम खाल्ले. तिच्या डोळ्यांत थेंब मी टाकायची, आणि ती तेवढ्या वेळात मला पाहून घ्यायची.

निघायचा दिवस आला. आईचा एक कडक नियम होता. लेकीने सासरी जाताना मागे वळून पाहायचं नाही, पाय अडखळतो. लग्नातही तिने मला तेच बजावलं होतं आणि मी बंडीत ताठ मान करून बसले होते. आता गाडीत बसले. गाडीचं तोंड आईच्या दाराकडे, आणि पांदण इतकी अरुंद की वळवायला जागा नाही. गाऱ्यात वळवली तर रुतणार. ह्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी मागे निघाली, न रडता, झोकात. त्यांची मान मागे आणि माझं तोंड समोर. समोर आई.

मी मागे वळून पाहत नव्हते. मी सरळ समोर पाहत होते, आणि समोर ती ओट्यावर उभी होती, हळूहळू लहान होत. माझ्या जन्मात कुठलीही लेक सासरी अशी गेलेली मी ऐकली नाही. आभाळ एवढं भरून आलं होतं की भर दुपारी अंधारलं. वाट दिसेना म्हणून ह्यांनी दिवे लावले. दिवे गाडीच्या पुढे, आणि आम्ही चाललो मागे. उजेड सगळा आईच्या अंगावर! ते स्वतःवरच चिडून म्हणाले, "हट्, या दिव्यायचा काय उपेग!" तरी नाला येईपर्यंत बंद करायचं त्यांना सुचलं नाही. गाडी घरी पोचली तीही पाठमोरीच, कारण तो रिव्हर्स गिअर आता कुरकुरायला लागला होता. आठ दिवस ह्यांच्या मानेला मी तेल चोळत होते. गावाने गाडीचं नाव पाठमोरी ठेवलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

पोळ्याला पुन्हा गेलो. आईने थेंब टाकून घेताना सहज सांगितलं, "मांगच्या टायमाले तू नाल्यापर्यंत दिसत होती."

"माय, तुले ओट्याखालची कोंबडी दिसत नाई, नाल्यावरची मी कशी दिसन?"

"तू नाई दिसत. दोन दिवे दिसते. त्याच्यामंदी तू असते ना."

 गाडीचा तो आस आणि मनाची ती आस, लिहायला एकच. मिस्त्री म्हणाले होते आसाला उलटं-सुलटं नसतं. पहिल्या बाबतीत ते साफ चुकले. दुसऱ्या बाबतीत त्यांचं बोलणं मी मानते. मी आईला पाहायला तळमळत होते आणि ती मला. कुणाचं तोंड कुणाकडे आहे याने त्यात काही फरक पडत नव्हता.

त्या हिवाळ्यात, कापूस विकून झाल्यावर, ह्यांनी गाडी हिंगणघाटला नेली आणि आस सुलटा करून आणला. गावाच्या चिडवण्याने ते आतून सोलून निघाले होते. मी काय म्हणणार? चूक आहे तशी राहू द्या, असं कुणी फिटरला म्हणतं का?  गाडी आता तीन गिअर पुढे जाऊ लागली. माझ्या भावानेही मोठ्या हौसेने कुंपण तोडून दारासमोर गाडी वळवायला मुरूम टाकला. पुढच्या आखाडात आम्ही दुपारच्या आत पोचलो. निघताना ह्यांनी मुरुमावर गाडी डौलात वळवली, आणि आम्ही तोंड पुढे करून निघालो. माझी पाठ आईकडे. नियमाप्रमाणे मी मागे पाहिलं नाही.

महिन्याभराने बाजारात माहेरची एक बाई भेटली. आईचा निरोप होता: "गाडी सुदरली म्हने. बरं झालं. आता नुसता आवाज आयकू येते."

घरी येऊन मी ह्यांना निरोप शब्दशः सांगितला. सांगताना आवाज चढला. मग दिव्यांचंही सांगितलं, जे इतके दिवस पोटात ठेवलं होतं. "मंग आदी काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमाले गाव हासत होतं म्हनून."  ते उठून गाडीकडे गेले आणि उगाचच दिव्यांच्या काचा पुसत राहिले.

पोळ्याला गेलो. निघताना भाऊ मुरुमावर उभा राहून हात हलवत होता, इकडून वळवा, इकडून. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मान मागे वळवली, दिवे लावले आणि रिव्हर्स टाकला. आता रिव्हर्स म्हणजे खराच रिव्हर्स, एकच, हळू आणि रडका. अर्धा मैल, नाल्यापर्यंत. उजेड आईवर आणि मी उजेडामागे. नाल्याकाठच्या रेतीवर त्यांनी गाडी वळवली, मान चोळली, आणि मग आम्ही घरी आलो. त्यानंतर ती आमची रीतच झाली. भावाला वाटायचं जवाईबापूंना वळवता येत नाही. ह्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका पावसाळ्यात निघताना बॅटरी मेली. गाडी धक्का मारून सुरू झाली, पण दिवे लागले नाहीत. ह्यांनी दोनदा बटण ओढून पाहिलं. तरीही आम्ही तसेच मागे गेलो, अंधारलेल्या आभाळाखाली, दिव्यांशिवाय. पुढच्या वेळी आई म्हणाली, "दिसले बरं बाई. दोन्ही दिसले, नाल्यापर्यंत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते ताटातल्या भाकरीकडे पाहत होते. तिची नजर नक्की कधी संपली ते आम्हाला तोवर कळलं नव्हतं. तिने कळू दिलं नव्हतं. आम्ही शर्यत कधीच हरलो होतो आणि ती आम्हाला जिंकल्याचं सांगत आली होती. मी चुलीपाशी जाऊन धुराचं निमित्त करून रडले. त्या दिवशी निघताना ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही दिवे लावले. बॅटरी नवी होती. काचाही पुसलेल्या होत्या.

पुढे नाल्यावर पूल झाला. पांदणीची सडक झाली, डांबर आलं, आणि दिवसातून दोनदा एसटी यायला लागली. चार कोसांचं अंतर आता अर्ध्या तासाचं. लोक विचारत, आता हा खटारा कशाला ठेवला? ह्यांचं उत्तर ठरलेलं, "चालते अजून." माहेरी मात्र आम्ही एसटीने कधी गेलो नाही.

आई गेली तीही पावसाळ्यातच. पण रस्ता झाला होता, निरोप लगेच आला आणि मी वेळेत पोचले. रस्त्याचं भलं होवो, एवढं मी म्हणेन. तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पाऊस उघडलेला, लख्ख ऊन पडलेलं. भाऊ आणि भावजय घरात आवराआवर करत होते, त्यांचा निरोप आत जाऊनच घेतला होता. ओटा रिकामा होता.

ह्यांनी गाडी सुरू केली. दारासमोर आता दोन गाड्या वळतील एवढी जागा होती. हात पुढे करून त्यांनी दिवे लावले. भर उन्हात. मान मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला.

गाडी रडत मागे निघाली. मी समोर पाहत होते. ओटा, दार, दाराची कडी, मग नुसतं घर, मग घरावरची कौलं. पूल आला. ह्यांनी ब्रेक दाबला.

"फिरवू काय आता?" त्यांनी विचारलं.

डोळे इतके भरले होते की मला घर सोडा, समोरची काचसुद्धा दिसत नव्हती.

"थांबा," मी म्हटलं. "मले दिसते अजून."

त्यांनी मान पुन्हा मागे वळवली, आणि गाडी पुलावरून तशीच मागे नेली.